हिरकणीचा बुरूज आणि बंद दरवाजा

दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह साजरा होतो. सरकारी रुग्णालयांच्या भिंतींवर नवी भित्तिपत्रके लागतात, आरोग्य केंद्रांत व्याख्याने होतात, आईचे दूध हे अमृत असल्याचे व्यासपीठांवरून सांगितले जाते आणि आठवडा सरताच सारे पूर्ववत होते. आईचे दूध बाळाला सर्वोत्तम होय, याविषयी शास्त्रात दुमत नाही. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे, पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज पाणीही देऊ नये, त्यानंतर वरचे अन्न सुरू करून दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक काळ अंगावर पाजावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आज खेड्यातील आशा कार्यकर्तीलाही मुखोद्गत आहे. परंतु हा सल्ला पाळण्यासाठी आईला वेळ लागतो, पोटभर अन्न लागते आणि बाळाजवळ राहण्याची मुभा लागते. ही तिन्ही तिला कोण देणार, याविषयी भित्तिपत्रके मौन बाळगतात. हे मौन अजाणतेपणाचे नाही. कारण तेथून पुढे प्रश्न आरोग्य खात्याचा राहत नाही. तो मजुरीचा, मालकीचा आणि कामाच्या तासांचा होतो.

महाराष्ट्रात या कामासाठी एक फार बोलके नाव निवडले गेले आहे. एस. टी. स्थानकांत व सरकारी कचेऱ्यांत मातांना बाळाला निवांतपणे पाजता यावे म्हणून ज्या खोल्या २०१२ च्या सुमारास उघडू लागल्या, त्यांना ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. रायगडावर दूध विकायला गेलेल्या गवळणीची आख्यायिका प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. सूर्यास्त झाला, गडाचे दरवाजे बंद झाले, खाली वाडीत तान्हे बाळ भुकेले होते. पहारेकरी दरवाजा उघडीनात, तेव्हा ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला, असे सांगतात. कथेच्या खरेखोटेपणाचा निवाडा इतिहासकारांनी करावा; तिच्यातील अर्थकारण मात्र खोटे नाही. हिरकणी ही पोटासाठी बाहेर पडलेली कष्टकरी बाई होती, आणि ती ज्या जागी कामाला जात होती त्या जागेचे नियम तिच्या बाळाची भूक लक्षात घेऊन केलेले नव्हते. तिच्या धाडसाचा बुरूज झाला. दरवाजाच्या नियमाचे पुढे काय झाले, हे कथेत कोठेच येत नाही. आजची राज्यसंस्थाही मातृत्वाचे बुरूज बांधण्यात तत्पर आहे. दरवाजे मात्र तिने बहुसंख्य मातांसाठी बंदच ठेवले आहेत.

मूल अंगावर पाजणे ही निसर्गाने दिलेली सहजप्रेरणा आहे, असे ज्यांनी कधी पाजलेले नाही तेच अधिक आग्रहाने म्हणतात. बाळंतिणीचा अनुभव निराळा असतो. पहिल्या दोनतीन दिवसांचे पिवळसर, घट्ट चीक हे बाळाचे पहिले संरक्षण. पण अजूनही अनेक घरांत ते वाईट समजून पिळून टाकले जाते आणि बाळाच्या तोंडी मध किंवा साखरपाणी लावले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील जवळजवळ ८९ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत होत होती. तरीही जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजल्या गेलेल्या बालकांचे प्रमाण ४२ टक्क्यांच्या पुढे गेलेले नव्हते. म्हणजे इमारत आहे, खाट आहे. परंतु बाईच्या शेजारी बसून बाळाला कसे धरावे हे शिकवायला परिचारिकेला फुरसत नाही. मग स्तनाग्रांना भेगा पडतात, दूध दाटून गाठी होतात, ताप भरतो. रात्री दर दोन तासांनी उठावे लागते. बाळ रडले की घरातील एखादे वडीलधारे माणूस ‘तुला दूधच पुरत नाही’ असे म्हणून मोकळे होते, आणि तेवढे एक वाक्य आईचा आत्मविश्वास खचवायला पुरते. दूध हा कोठारात साठवलेला माल नव्हे. बाळ जितके ओढते तितके ते येते. ओढणारे तोंड तासन्‌तास दूर राहिले की ते आटू लागते. सारा प्रश्न या एका शारीरिक सत्यापाशी येऊन थांबतो.

सहा महिन्यांच्या आतील बाळाला दिवसाकाठी साधारणपणे पाऊण लिटर दूध लागते. ते आईच्या शरीरात तयार होते आणि त्यासाठी तिला नेहमीच्या आहारापेक्षा रोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रमाण सांगते. हे अधिकचे अन्न तिच्या ताटात पडले नाही तरी दूध बहुधा येतच राहते. त्याची किंमत तिचे शरीर चुकवते. ज्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये २०१९-२१ च्या पाहणीत पांडुरोग आढळला, त्या देशात ‘अमृत’ या शब्दाने या देण्याघेण्यावर पडदा पडतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाने तर त्यावर शिक्कामोर्तबच केले आहे. दारच्या म्हशीचे दूध शेतकऱ्याने डेअरीला घातले काय किंवा घरी पोराबाळांना पाजले काय, ते उत्पादनात धरले जाते. दुधाच्या भुकटीचा डबा धरला जातो. त्या डब्यातील दूध अशुद्ध पाण्यात कालवल्यामुळे बाळाला जुलाब झाले, तर खासगी डॉक्टरचे बिलही राष्ट्रीय उत्पन्नात भर घालते. आईचे दूध मात्र शून्य. आईने पाजणे सोडून डबा आणला की हिशेबवहीत देश अधिक श्रीमंत होतो! ज्या श्रमाची नोंद होत नाही, त्या श्रमासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही.

म्हणूनच दूध कधी तोडायचे, या प्रश्नाचे उत्तर आई आणि बाळ या दोघांच्या सोयीने ठरते, असे मानणे भाबडेपणाचे होय. ते उत्तर तिच्या नोकरीचा प्रकार ठरवतो. ज्या थोड्या स्त्रिया संघटित क्षेत्रात आहेत, त्यांना २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. त्यांपैकी आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ज्या बाईला अवघडलेपणी रोज लोकलच्या गर्दीतून प्रवास झेपत नाही, तिने ते घेतले की मागे उरतात १८ आठवडे. सहा महिने निव्वळ अंगावर पाजावे असे शासनाचे आरोग्य खाते म्हणते. रजेचा हिशेब तिला बाळ चार महिन्यांचे असतानाच कामावर बोलावतो. त्यानंतर बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजण्याची सुट्टी कायद्यात आहे. पण ज्याला पाजायचे ते बाळ तीस किलोमीटरवर असेल, तर ती सुट्टी कशाला घ्यायची? दुपारी छाती दाटून येते, कपडे भिजतात, आणि ही तरुणी कार्यालयाच्या स्वच्छतागृहात उभी राहून दूध पिळून टाकते. काही आठवड्यांत शरीर सूचना ओळखते आणि दूध कमी होते. घरी सांगितले जाते की तिचे दूध ‘गेले’. वास्तविक ते गेलेले नसते, घालवलेले असते.

तरीही ही बाई तुलनेने सुखी म्हटली पाहिजे. देशातील काम करणाऱ्या सुमारे ९० टक्के स्त्रिया असंघटित क्षेत्रात आहेत. त्यांना बाळंतपणाची रजा म्हणजे मजुरी बुडणे. पुण्यामुंबईत चार घरची धुणीभांडी करणारी बाई सव्वा महिना पुरा होण्याआधीच कामावर रुजू होते, कारण उशीर झाला तर घरमालकीण दुसरी बाई लावील ही धास्ती असते. ज्या घरी ती दुसऱ्याचे बाळ न्हाऊमाखू घालते, त्या घरी स्वतःचे बाळ आणण्याची तिला मुभा नसते. ते मागे झोपडीत आजीजवळ किंवा आठनऊ वर्षांच्या बहिणीजवळ असते, आणि दुपारी त्याच्या तोंडी पातळ केलेले पिशवीचे दूध पडते.

याहून कठीण स्थिती ऊसतोडणीच्या फडात आहे. बीड जिल्ह्यातून आणि मराठवाड्याच्या अन्य भागांतून दिवाळीच्या सुमारास लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात आणि पुढे पाचसहा महिने पालाच्या कोप्यांत राहतात. येथे मजुरीचे एकक माणूस नसून ‘कोयता’ आहे. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. उचल नवऱ्याच्या नावे, हिशेब नवऱ्याच्या नावे, आणि तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणे बायकोच्या वाट्याला. जोडीतील एकाने दिवस बुडवला तरी खाडा धरून पैसे कापले जातात. अशा वेळी ओल्या बाळंतिणीने घरी थांबणे म्हणजे कर्ज वाढवणे. पहाटेच्या अंधारात ती बाळाला घेऊन फडात जाते, गाडीच्या दांडीला किंवा झाडाच्या फांदीला झोळी बांधते आणि पाचटात कामाला लागते. बाळ रडले की तिला ऐकू येते. पण मोळी अर्धवट टाकून जाता येत नाही. गाडी भरून निघाल्यावर ती झोळीपाशी येते, तोवर बाळ रडून झोपलेले असते. आई शंभर पावलांवर असूनही त्या बाळाला दूध मिळत नाही. याला कायदा काय म्हणतो? कायदा मालक शोधतो. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी तर केवळ माणसे पुरवतो. ज्या उसावर सहकाराची साम्राज्ये उभी राहिली, तो तोडणाऱ्या स्त्रीला मालकच नाही. मग बाळंतपणाची रजा तिने कोणाकडे मागावी?

दूध तोडण्याचा प्रसंग आला म्हणजे आईच्या मनाची जी ओढाताण होते, ती जुन्या बायकांना चांगली ठाऊक होती. स्तनाग्रांना कडूलिंबाचा पाला वाटून लावणे, बाळाला चार दिवस आजोळी ठेवणे, हे उपाय घरोघर चालत आले. परंतु आपल्या रीतीत त्यापूर्वी एक दीर्घ संक्रमणकाळ होता. सहाव्या महिन्याच्या आसपास उष्टावण व्हायची, मग भाताची पेज, मुगाच्या वरणाचे पाणी, नाचणीचे सत्त्व, तूपमेतकुटाचा मऊ भात असे करीत बाळ वर्षासव्वा वर्षात घरच्या जेवणावर यायचे, आणि अंगावरचे दूध सोबत चालूच राहायचे. आधुनिक आहारशास्त्र आज नेमके हेच सांगते. गरीब घरात तुटते ती ही साखळी. सहा महिन्यांनंतरच्या बाळाला थोडे थोडे, दिवसातून तीनचार वेळा, हाताने भरवावे लागते. आणि भरवायला माणूस लागते. वर उल्लेखिलेल्या पाहणीत सहा ते २३ महिने वयाच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणाऱ्यांचे प्रमाण अवघे ११ टक्के आढळले. हा आकडा केवळ दारिद्र्याचा म्हणता येत नाही, कारण सुस्थित घरांतही चित्र फारसे बरे नाही. तो वेळेच्या आणि माणसाच्या दुर्भिक्षाचा आकडा आहे. १९३० च्या दशकात आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी ‘क्वाशिओरकोर’ या कुपोषणाच्या रोगाचे वर्णन केले. तेथील गा भाषेतील हा शब्द, धाकटे भावंड आल्यामुळे आईच्या अंगावरून दूर सारलेल्या मुलाच्या आजाराला लावीत. रोगाच्या नावातच त्याचे सामाजिक कारण नोंदवलेले होते. आपल्याकडे अशा मुलाला दूर सारते ते धाकटे भावंडच असते असे नाही. पुष्कळदा तो मुकादमाचा हिशेब असतो.

ही पोकळी बाजाराने कधीच हेरली होती. त्याच सिसिली विल्यम्स यांनी १९३९ साली सिंगापुरात केलेल्या भाषणात बाळांसाठी विकल्या जाणाऱ्या डब्याच्या दुधाच्या प्रचाराला खुनाची उपमा दिली, तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे पस्तीस वर्षांनी, १९७४ मध्ये, ब्रिटनमधील ‘वॉर ऑन वाँट’ या संस्थेची पुस्तिका निघाली. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. आक्षेपाचा गाभा साधा होता. प्रसूतिगृहात फुकट डबा द्यायचा. आठवडाभर बाळ त्यावर राहिले की आईचे दूध आटते. त्यानंतर डबा विकत घेण्यावाचून गत्यंतर नसते. चारशे ग्रॅमचा डबा तीनचार महिन्यांच्या बाळाला जेमतेम तीनचार दिवस पुरतो. गरीब आई तो पाणी घालून दहा दिवस पुरवते, आणि ते पाणी शुद्ध असेलच असे नाही. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने अशा मालाच्या प्रचारावर निर्बंध घालणारी संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी मंजूर केली. ते एकमेव विरोधी मत अमेरिकेचे होते. भारताने १९९२ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करून दोन वर्षांखालील बालकांच्या कोणत्याही अन्नाच्या जाहिरातीस बंदी घातली. जगातील कडक कायद्यांत त्याची गणना होते.

परंतु कायद्याने जाहिरात बंद होते, गरज बंद होत नाही. आईला बाळाजवळ राहू न देणारी व्यवस्था कायम असेल, तर डब्याला गिऱ्हाईक मिळतच राहणार. शिवाय जाहिरातही वेष पालटून येते. मोबाइलच्या पडद्यावर ती हितचिंतकाच्या सल्ल्याच्या रूपाने येते, याकडे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये लक्ष वेधले आहे. वरच्या अन्नाची गोष्ट तर अधिक बोधप्रद आहे. एप्रिल २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने दाखवून दिले की, भारतात विकल्या जाणाऱ्या नेस्लेच्या सेरेलॅकमध्ये एका वाढणीमागे सरासरी सुमारे तीन ग्रॅम साखर वरून घातलेली होती, तर जर्मनी व ब्रिटनमध्ये त्याच प्रकारचे अन्न साखर न घालता विकले जात होते. गदारोळ झाल्यावर कंपनीने साखरविरहित प्रकारही बाजारात आणले. ऊस तोडणारीच्या बाळाला दूध मिळत नाही आणि मध्यमवर्गाच्या बाळाला दुधाऐवजी साखरेची गोडी लावली जाते. ही दोन वेगळी दुःखे नाहीत. एकाच बाजारव्यवस्थेची ती दोन टोके आहेत.

हा संघर्ष महाराष्ट्राला नवा नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्यातिसऱ्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका पाळीवर जाताना तान्ह्या बाळांना अफूची बाळगोळी देऊन निजवीत. त्या निर्दय नव्हत्या. भोंगा वाजला की दरवाजा बंद होत असे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९१९ मध्येच कामाच्या वेळेत दोनदा अर्धा अर्धा तास दूध पाजण्याची सुट्टी मान्य केली होती. मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आगेमागे बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. तथापि स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकालाही त्यातून सुटका नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये कायदा झाला. त्या भूमिकेतील पहिला भाग, म्हणजे समाजाची जबाबदारी, जवळजवळ शंभर वर्षांनंतरही आपण पुरी केलेली नाही.

१९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यातील तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावल्या असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्यातही जुना दोष तसाच आहे. राज्य विमा योजनेबाहेरील आस्थापनांत २६ आठवड्यांच्या पगाराचा संपूर्ण बोजा त्या त्या मालकावर पडतो. त्यामुळे तरुण विवाहित स्त्रीला नोकरीच न देणे हा त्याच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. पाळणाघराचे बंधन ५० कामगारांच्या आस्थापनेवर आहे. ४९ वर हजेरीपट थांबवणे कोणत्याही ठेकेदाराला अवघड नाही. जेथे हक्काची किंमत एकट्या मालकाने द्यायची असते, तेथे हक्क कागदावर राहतो आणि शिक्षा बाईला होते. यावर उपाय म्हणजे हक्क कमी करणे नव्हे; खर्चाचे सामाजिकीकरण करणे होय. सर्व मालकांकडून, त्यांच्याकडे स्त्रिया असोत वा नसोत, वेतनाच्या प्रमाणात अधिभार घ्यावा, त्यात सरकारने भर घालावी आणि त्या निधीतून प्रत्येक मातेला वेतन द्यावे, हा मार्ग आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या २००० सालच्या करारात स्पष्ट दाखवलेला आहे. भारताने त्या करारावर अद्याप मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही.

आणि असंघटित मातेसाठी काय आहे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये देण्याचे वचन दिले. २०१७ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने ते पहिल्या अपत्यापुरते ५,००० रुपयांवर आणले. पुढे दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये अशी जोड दिली. दुसरा मुलगा झाला, तर त्याच्या आईला दूध येण्यासाठी अन्न लागत नाही, असे शासनाचे शास्त्र दिसते! २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. ५,००० रुपयांना १८२ ने भागले की दिवसाला सुमारे २७ रुपये पडतात. संघटित क्षेत्रातील मातेला जेथे पूर्ण पगार, तेथे शेतमजूर मातेला एका तासाच्या मजुरीहूनही कमी. तमिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेत पोषण-संचासह १८,००० रुपयांची मदत दिली जाते. तीही पूर्ण वेतन नव्हे. पण राजकीय इच्छा असेल तर राज्यही किती पुढे जाऊ शकते, याचा तो दाखला आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आईच्या दुधाचा महिमा गाता गाता स्त्रीला घरी बसवण्याचा डाव काही मंडळी नेहमीच टाकतात. त्यांना उत्तर हे की, हिरकणीने गडावर जाऊच नये असे कथाही म्हणत नाही. पाजणे हा आईचा आणि बाळाचा हक्क आहे. तो तिच्यावर लादलेला धर्म नव्हे. जिला आजारपणामुळे पाजता येत नाही, जिने विचारपूर्वक वेगळा मार्ग धरला, तिला अपराधी ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. बाप पाजू शकत नाही; पण रात्री बाळ उचलून देणे, वरचे अन्न शिजवून भरवणे, धुणे धुणे या कामांना स्त्रीचेच शरीर लागते असे कोणत्याही वैद्यकशास्त्राने म्हटलेले नाही. शिवाय दूध ही केवळ एका आईची खासगी बाब राहत नाही, हेही मुंबईनेच दाखवले आहे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. ज्या बाळांच्या आयांना दूध नव्हते, त्यांना दुसऱ्या आयांनी दिलेल्या दुधाने आधार मिळाला. महापालिकेच्या रुग्णालयात, कोणत्याही नफ्याविना, जातपात न विचारता हे घडले. समाजवादाची व्याख्या शोधणाऱ्यांनी तेथे जाऊन पाहावे.

पाळणाघरांचेही प्रयोग झालेले आहेत. १९६९ मध्ये दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावर मीरा महादेवन यांनी तंबूत पहिले ‘मोबाइल क्रेश’ उघडले. बांधकाम जिकडे, तिकडे पाळणाघर, ही त्यातली कल्पना. छत्तीसगडमध्ये जनस्वास्थ्य सहयोग या संस्थेने ‘फुलवारी’ म्हणून गावातच सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघरे चालवली. तेथे गावच्याच बायका मुलांना सांभाळतात व दिवसातून अनेक वेळा भरवतात. वयाची ही मर्यादा महत्त्वाची आहे, कारण १९७५ मध्ये सुरू झालेल्या अंगणवाडीत तीन वर्षांखालील मुलाला बसायला जागा नसते. त्याच्या वाट्याला घरी न्यायची शिध्याची पाकिटे येतात. पाकीट मूल भरवीत नाही. मग थोरल्या बहिणीची शाळा सुटते. एका पाळणाघराच्या अभावी दोन मुलांचे नुकसान होते, हा हिशेब शिक्षण खात्याच्या व आरोग्य खात्याच्या फाइली एकत्र ठेवल्याखेरीज कोणाच्या लक्षात येत नाही.

चळवळीनेही स्वतःकडे पाहिले पाहिजे. कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत महागाई भत्ता पहिल्या पानावर असतो आणि पाळणाघर शेवटच्या पानावर. वाटाघाटीत सर्वप्रथम सोडले जाते ते शेवटचे पान. हा क्रम उलटला पाहिजे. ऊसतोडणीच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी येत्या गाळप हंगामाआधी साखर कारखान्यांपुढे चार मागण्या ठेवाव्यात. तोडणीच्या करारात स्त्रीचे नाव स्वतंत्र मजूर म्हणून यावे व तिची मजुरी तिच्या हाती पडावी. प्रत्येक तळावर, आणि फडाजवळही, कारखान्याच्या खर्चाने पाळणाघर असावे व ते टोळीतल्याच एखाद्या बाईला मजुरी देऊन चालवावे. बाळंतपणानंतरच्या सहा महिन्यांत खाड्याचा दंड पूर्ण बंद व्हावा. आणि या काळाची मजुरी टनामागे अधिभार बसवून उभारलेल्या निधीतून मिळावी. राज्य पातळीवर अन्नसुरक्षा कायद्यातील वचन प्रत्येक बाळंतपणाला लागू करून ती रक्कम २६ आठवड्यांच्या किमान वेतनाशी जोडावी, ही मागणी विधिमंडळात आणि रस्त्यावर एकाच वेळी लढवावी लागेल. वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्यांना तर आजच करण्यासारखे काम आहे. आपल्या भागातील अंगणवाडी सायंकाळपर्यंत उघडी ठेवण्याची मागणी ग्रामसभेत मांडावी. स्थानकावरील हिरकणी कक्षाला कुलूप असेल तर ते काढायला लावावे. सभेला येणाऱ्या बाईच्या कडेवर मूल असेल तर त्या मुलाची सोय सभेच्या तयारीतच धरावी.

बाळाचे दूध केव्हा तुटावे, हे त्याच्या आईने ठरवावे. मुकादमाने, घरमालकिणीने किंवा रजेच्या नियमाने ते ठरवू नये, इतकी ही साधी मागणी आहे. ती पुरी करायला सामाजिक क्रांतीची वाट पाहण्याचे कारण नाही. पण ती पुरी करताना वेतन कोण देतो, मालक कोण, कामाचे तास कोणासाठी, हे सारे प्रश्न एकामागून एक उभे राहतील, आणि म्हणूनच ती समाजवाद्यांनी हाती घेण्याजोगी आहे. कडा उतरणाऱ्या मातांचे कौतुक पुष्कळ झाले. यापुढे त्यांच्यावर कडा उतरण्याची पाळी येऊ नये, यासाठी दरवाजे उघडण्याची लढाई करावयाची आहे.